अनुभवी माणसाचे नवखेपण

महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून मला बावीस वर्षे झाली. या काळात 'अनुभव हाच खरा गुरू' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांतून इतक्या वेळा वाचले की ते खरे की खोटे याचा विचार करायचे राहूनच गेले. त्याकडे माझे पुन्हा लक्ष गेले ते एका अनपेक्षित ठिकाणी: सिडनीच्या उत्तरेकडील कोलरॉयच्या किनाऱ्यावर, २०२४ च्या मे महिन्यात, वाळूवर सतरंजी अंथरून बसले असताना. समोर माझा धाकटा भाऊ एका लहानशा फळीवरून सातव्यांदा पाण्यात पडत होता.

भावाविषयी थोडे सांगायला हवे. आमचे बालपण देवगड तालुक्यात खाडीकाठी गेले. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण समुद्राशी खेळायचे नसते, त्यावर पोट भरायचे असते, ही शिकवण घरोघरी होती. पोहायचे ते खाडीत, आणि तेही मोठे माणूस काठावर असेल तर. असा हा मुलगा नोकरीनिमित्त सिडनीला गेला आणि तिशी उलटल्यावर सर्फिंग शिकला. गेली बारा वर्षे तो नऊ फुटी लांब फळी, म्हणजे लाँगबोर्ड, घेऊन दर शनिवार-रविवारी आणि जमेल तेव्हा पहाटे पाण्यात उतरतो. किनाऱ्यावरचे लोक त्याला ओळखतात. त्याच्या मुली सांगतात की बाबा फळीवर उभा राहून पावलापुढे पाऊल टाकत पार पुढच्या टोकापर्यंत चालत जातो. मी ते चित्रफितीत पाहिले आहे. मोठ्या डौलाने चालतो.

हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी शॉर्टबोर्ड शिकायला निघाला होता, आणि पडत होता. बाहेर आल्यावर दमलेल्या आवाजात मला म्हणाला, "ताई, बारा वर्षं मी काय केलं, असं वाटायला लागलंय." त्या वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. अनुभवी माणसाने नव्याने शिकण्याविषयी आपल्याकडे भाबडेपणाने बोलले जाते आणि वाङ्मयाच्या क्षेत्रात तर फारच भाबडेपणाने, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मला आधी फळीविषयी बोलावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

लांब फळी आणि लहान फळी यांत केवळ लांबीचा फरक असेल अशी माझी समजूत होती. तशी ती नाही. नऊ फुटी फळी जाड आणि रुंद असते. तिच्यात तरंगण्याची शक्ती भरपूर असते, म्हणून हातांनी वल्हवताना ती वेगाने सरकते आणि लाट फुटण्याच्या बरीच आधी, ती नुसता फुगवटा असतानाच, तिच्यावर स्वार होता येते. उभे राहायला सवड मिळते. मग फळी आपल्या वजनाने आणि लांबीने घसरत राहते, स्वाराने तिच्यावरचा आपला तोल मागेपुढे करायचा. लहान फळी साधारण सहा फुटांची, अरुंद, पातळ आणि दोन्ही टोकांना वर वळलेली. तिच्यावर बसले की माणूस छातीपर्यंत पाण्यात बुडतो. वल्हवून तिला लांब फळीचा वेग कधीच येत नाही, त्यामुळे लाट अगदी उभी होऊन कोसळायच्या बेतात असते तिथेच, त्याच क्षणी ती पकडावी लागते. पकडणे आणि उभे राहणे यांत पापणी लवण्याइतका वेळ मिळतो. उभे राहिल्यावर मागचा पाय शेपटाकडे, खालच्या फिन्सच्या वर पडला नाही तर फळी वळतच नाही. आणि नुसते उभे राहून भागत नाही. लाटेच्या उतारावर वरखाली होत, गुडघ्यांनी दाब देत आणि सोडत, वेग स्वतः निर्माण करावा लागतो. लांब फळीवर वेग मिळतो, लहान फळीवर तो कमवावा लागतो, असे भावाने मला समजावले.

आता यातली मेख लक्षात घ्यावी. नवशिक्या माणसाला या दोन्हींपैकी काहीच येत नसते. माझ्या भावाला मात्र एक गोष्ट उत्तम येत होती, आणि तीच त्याला पाडत होती. बारा वर्षांच्या सवयीने त्याचे पाय फळीच्या मधोमध पडत. लाट लांबून दिसली की तो लवकर वल्हवायला लागे आणि लाट त्याच्या खालून निघून जाई. उभे राहिल्यावर तो क्षणभर थांबे, फळी आता घसरेल म्हणून वाट पाही. तो क्षणभराचा थांबाच घातक होता. ज्याला आपण कौशल्य म्हणतो ते शरीरात जिरलेले असते आणि शरीराला 'हे आता विसर' असे सांगता येत नाही. कौशल्य जितके पक्के तितके ते नव्या कौशल्याच्या आड येते. 'अनुभव हाच गुरू' या वाक्यात ही बाजू नाही.

एका माणसाची ही गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण सर्फिंगच्या इतिहासात असा एक काळ येऊन गेला की जवळपास सगळ्याच जाणत्यांवर एकदम नवखे होण्याची पाळी आली. १९६६ साली सॅन डिएगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला. त्याची फळी नऊ फूट चार इंचांची होती, म्हणजे आजच्या हिशेबाने लांबच, पण त्या काळच्या मानाने पातळ आणि चपळ. फळीच्या टोकावर तोलून उभे राहण्याची कला तेव्हा श्रेष्ठ मानली जात होती. यंगने तिच्याऐवजी लाटेवर जोरकस वळणे घेऊन दाखवली. नंतरच्या दोनेक वर्षांत ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅविश, हवाईत डिक ब्रूअर अशा कारागिरांनी फळ्या भराभर आखूड केल्या. लांबी दोन-तीन फुटांनी घटली. कालपर्यंतच्या फळ्या गॅरेजच्या छताला टांगल्या गेल्या. काही जाणते नव्या फळीवर गेले, काहींनी समुद्रच सोडला.

अमेरिकी लेखक विल्यम फिनेगन यांचे 'बार्बेरियन डेज' हे सर्फिंगविषयीचे आत्मकथन २०१५ साली आले आणि २०१६ साली त्याला चरित्र विभागातील पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात १९६८ च्या कॅलिफोर्नियातील या स्थित्यंतराला एक प्रकरण दिलेले आहे. फिनेगन यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे तेव्हा ते पंधरा वर्षांचे. ते वाचताना माझ्या मनात सारखे येत होते की पंधरा वर्षांच्या मुलाला क्रांती सोपी जाते, कारण त्याने विसरावे असे त्याच्याजवळ फारसे काही नसते. पस्तिशीच्या माणसाचे काय झाले, हे क्रांतीच्या इतिहासात सहसा येत नाही. आपल्याकडेही नवकथेचा इतिहास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या बाजूने लिहिला जातो, आणि तो तसा लिहिला जाणे योग्यच आहे. पण १९४५ नंतर जुन्या वळणाची कथा उत्तम लिहिणाऱ्या एखाद्या कथाकाराला, रोज टपालाने येणाऱ्या मासिकांतून आपली कथा जुनी होत चाललेली पाहताना, काय वाटले असेल? त्याने प्रयत्न केला असेल का? केला असेल तर कसा पडला असेल? हे आपण विद्यार्थ्यांना कधी विचारायला लावले आहे, असे मला तरी आठवत नाही.

इथे एका गैरसमजाकडे वळले पाहिजे. लहान फळी ही लांब फळीच्या पुढची पायरी आहे, असा समज सर्वत्र आहे. शिकणारा मोठ्या फळीवर सुरुवात करतो आणि 'तयार' झाला की लहान फळीवर जातो. जो गेला नाही तो मागे राहिला. ऑलिंपिकमध्ये टोकियोच्या स्पर्धांत २०२१ साली सर्फिंग प्रथमच आले, ते शॉर्टबोर्डचेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ताहितीतल्या तेआहुपोच्या लाटांवर, पुन्हा शॉर्टबोर्डच. त्यामुळे हा समज अधिकच घट्ट होतो. पण त्याला सर्वांत चांगले उत्तर त्याच नॅट यंगने दिले आहे. ज्याच्या विजयाने आखूड फळीचा रस्ता मोकळा झाला, त्याच माणसाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चाळिशीच्या आसपास, लाँगबोर्डच्या जागतिक स्पर्धा जिंकल्या. म्हणजे तो शिडी चढून वर गेला नव्हता, आपल्या दोन खोल्यांपैकी एकीतून दुसरीत जात-येत होता.

वाङ्मयप्रकारांची अशीच शिडी आपण उभी केलेली आहे, फक्त आपली शिडी उलट्या दिशेची. कथा ही सुरुवात, कादंबरी हे ध्येय. नेमाड्यांनी लघुकथेला गौण ठरवल्यापासून तर कथाकाराला 'मग कादंबरी कधी?' हा प्रश्न लग्नाच्या वयाच्या मुलीला विचारावा तसा विचारला जातो. उलट मुक्तछंदाच्या बाबतीत शिडी वेगळीच: वृत्तात लिहिणारा मागासलेला, मुक्तछंदात लिहिणारा पुढारलेला. विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीते लिहिली, विरूपिका लिहिल्या, बालकविता लिहिल्या आणि २००३ साली 'अष्टदर्शने'मध्ये पाश्चात्त्य आणि भारतीय तत्त्वज्ञांना जुन्या मराठी छंदात बसवले. त्यांचा प्रवास या शिडीवर कुठे मांडायचा? मांडता येत नाही, कारण शिडीच नाही. प्रकार वेगळे आहेत आणि त्या-त्या प्रकाराची स्वतःची बाराखडी आहे, एवढेच खरे.

मग प्रश्न उरतो तो निवडीचा. माझ्या भावाची पहिली चूक निवडीत झाली, आणि ती मला फार बोलकी वाटते. त्याने पहिली लहान फळी घेतली ती पाच फूट अकरा इंचांची, अठ्ठावीस लिटरची. हे लिटरचे माप मला नवे होते. फळीचे आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि त्यावरून ती स्वाराला किती तोलून धरील याचा अंदाज बांधतात. भावाचे वजन ब्याऐंशी किलो. त्याच्या जुन्या लांब फळीचे आकारमान सत्तर लिटरांच्या आसपास होते. म्हणजे त्याने एकदम निम्म्याहून अधिक आधार काढून टाकला. अठ्ठावीस लिटरची फळी या वजनाच्या, पण रोज समुद्रात असणाऱ्या विशीतल्या खेळाडूची. चव्वेचाळीस वर्षांच्या, आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर बसणाऱ्या गृहस्थाची नव्हे. त्याला हे माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. बारा वर्षांत त्याने स्वतः कितीतरी नवशिक्यांना सांगितले होते की पातळ फळी घेऊ नका. पण स्वतःची वेळ आली तेव्हा 'मी काही नवशिक्या नाही' हे वाक्य त्या माहितीच्या आड आले. त्याने आपल्या शरीराला साजेल ती फळी न घेता आपल्या प्रतिष्ठेला साजेल ती घेतली.

चार महिने तो पडत राहिला. मी पोहोचले ते या चार महिन्यांच्या शेवटी. उजवा खांदा दुखत होता. त्याहून मोठे दुखणे वेगळे होते. ओळखीच्या लोकांसमोर पडावे लागू नये म्हणून तो आपला नेहमीचा, लाँग रीफच्या भूशिराने थोडा आडोसा दिलेला किनारा सोडून कुठे कुठे लांब जाई, जिथे लाटांची त्याला ओळखही नव्हती. म्हणजे नवी फळी, नवे पाणी आणि आधाराला कोणीही नाही. शिकण्यासाठी याहून वाईट व्यवस्था करणे अवघड आहे. पण अनुभवी माणसे नेमकी हीच करतात. लपून शिकतात. माझ्या आग्रहावरून तो त्या दिवशी कोलरॉयला परत आला होता, आणि सात वेळा पडला.

मी हे त्रयस्थपणे लिहीत आहे, असे वाटू नये. २०२२ साली आमच्या शहरात गझललेखनाचा एक वर्ग सुरू झाला, दर रविवारी. मी नाव नोंदवले. माझा मुक्तछंदातल्या कवितांचा एक संग्रह प्रसिद्ध आहे. वर्गात वीस-बावीस जण होते, त्यांतले चार माझे माजी विद्यार्थी. तिसऱ्या रविवारी मी माझी पहिली गझल वाचली. वाचून झाल्यावर त्या चौघांतला एक मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, चौथ्या शेरात अलामत चुकलीये." त्याचे बरोबर होते. काफियाच्या आधीचा जो स्वर मतल्यात ठरला होता तो मी चौथ्या शेरात पाळला नव्हता. मी हसून मान डोलावली. चौथ्या रविवारी मला काही काम निघाले. पाचव्याही. त्यानंतर मी गेले नाही. सहकाऱ्यांत बोलताना मी म्हणे, "गझल हा फार तांत्रिक प्रकार आहे, माझ्या प्रकृतीला मानवत नाही." किती सोयीचे वाक्य! त्यात माझ्या चुकीचा दोष प्रकाराच्या माथी जातो आणि वर प्रकृतीचे एक वलयही मिळते.

आता पाहताना कळते की मला गझल अवघड गेली ती काही येत नव्हते म्हणून नव्हे, मुक्तछंद येत होता म्हणून. मुक्तछंदात मी प्रतिमा हळूहळू उभी करते, आठ-दहा ओळी तिला वाढू देते, मग तिच्यावर स्वार होते. शेराला दोनच ओळी. पहिलीत लाट उठते आणि दुसरीत उभे राहावेच लागते. मी दुसऱ्या ओळीतही अजून वाट पाहत असे. पुढच्या शेरावर काही ढकलावे तर तीही सोय नाही, कारण प्रत्येक शेर आपल्यापुरता पुरा. माधव जूलियनांसारख्या फारसीच्या व्यासंगी विद्वानाच्या 'गज्जलांजली'तही (१९३३) वृत्ते गझलेची आणि बांधणी सलग भावकवितेची, असे आक्षेप घेतले गेले, तिथे माझी काय कथा! सुरेश भटांनी पुढे जेव्हा गझलेचे तंत्र नव्या कवींना समजावून द्यायचे ठरवले, तेव्हा त्या लेखनाला नाव दिले 'गझलेची बाराखडी'. हे नाव मी वर्षानुवर्षे वर्गात उच्चारले आहे. बाराखडी म्हणजे पाटीवर गिरवायची गोष्ट, आणि ती गिरवताना कवीने आपला संग्रह दाराबाहेर ठेवायचा असतो, हा अर्थ मात्र मला भावाला पडताना पाहून लागला.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप असा की चाळिशीनंतर हे उद्योग करणे म्हणजे सरते तारुण्य धरून ठेवण्याची धडपड. माझ्याही मनात आधी हेच आले होते. पहिल्या फळीपुरते ते खरेही होते. पण निवड दुरुस्त झाल्यावर तो आक्षेप टिकत नाही. जून उजाडता उजाडता भावाने ती फळी विकली आणि साडेसहा फुटांची, एकेचाळीस लिटरची, बरीच रुंद फळी घेतली. दुकानातल्या तरुणाने ती 'मोठ्या माणसांची' फळी म्हणून दाखवली आणि भावाने ती निमूटपणे उचलली. तारुण्याची हौस असती तर ती त्या वाक्यापाशीच संपली असती. त्याला लाटेचा तो उभा भाग, जो लांब फळीवरून कधी गाठता येत नाही, तो आतून पाहायचा होता. हे कारण मला पुरेसे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे उत्तम येते तेच का करू नये? आयुष्य थोडे आहे. बारा वर्षांत मिळवलेला डौल सोडून पडत बसण्यात काय शहाणपण? यावर माझे म्हणणे असे की कोणी लांब फळीवरच राहिला तर त्यात कमीपणा काहीच नाही. शिडी नसल्याचे मी वर म्हटलेच आहे. 'मला ते नको आहे' म्हणून न शिकणे वेगळे आणि 'मला लोकांसमोर पडायचे नाही' म्हणून न शिकणे वेगळे. पहिली निवड आहे, दुसरी भीती आहे. पण दुसरीला पहिलीचे कपडे चढवण्यात आपण शिक्षक आणि समीक्षक फार तरबेज असतो, कारण कपडे शिवायला लागणारी भाषा आपल्याजवळ तयार असते. 'प्रकृतीला मानवत नाही' हा असाच एक अंगरखा.

आणि शिकणे म्हणजे केवळ स्वतःला वाकवणे, असेही नाही. कोलरॉयचा किनारा उत्तरेकडे सलग जातो तो नॅराबीनपर्यंत. त्या टोकाचा एक सर्फर, सायमन अँडरसन. अंगाने धिप्पाड. १९८० च्या सुमारास दोन फिन्सच्या चपळ फळ्यांचा जमाना होता. मार्क रिचर्ड्स याने तसल्या फळीवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक अजिंक्यपदे मिळवली. अँडरसनच्या वजनाखाली आणि जोरकस वळणांत ती फळी सटकत असे. त्याने शेपटाशी मधोमध तिसरी फिन बसवली, जवळपास बाजूच्या दोन फिन्सच्याच मापाची. १९८१ च्या ईस्टरला व्हिक्टोरियातील बेल्स बीचवर प्रचंड लाटांत झालेली स्पर्धा त्याने याच फळीवर जिंकली. त्याने या कल्पनेचे एकस्व घेतले नाही, आणि आज जगभरच्या बहुतेक लहान फळ्यांखाली तीन फिन्स असतात. जी फळी त्याला साजत नव्हती तिच्यावर तो झुरत बसला नाही, आणि 'माझ्या प्रकृतीला मानवत नाही' असे म्हणून निघूनही गेला नाही. पण यासाठी त्याला आधी दोन फिन्सच्या फळीवर बसून, तिच्यावरून घसरून, ती नेमकी कुठे सटकते हे कळावे लागले. भटांनी गझलेला मराठी बोलीचा वाक्प्रवाह दिला तो तिचे नियम पुरते अंगी मुरवून घेतल्यानंतर. प्रकाराला बदलण्याचा हक्क प्रकारात पडून मिळतो.

मग अनुभव अगदीच निरुपयोगी का? नाही. मी तिथे असेपर्यंतच्या शेवटच्या दहा दिवसांत हे हळूहळू दिसू लागले. नव्या फळीवर भाऊ अजून पडतच होता, पण पडण्यापर्यंत बरोबर जागी पोहोचत होता. कोणत्या भरतीला कोणत्या वाळूच्या उंचवट्यावर लाट चांगली उठते, ओढणारा प्रवाह कुठून बाहेर जातो, मोठ्या लाटांचा जथा किती वेळाने येतो, कुणाची लाट कुणी घ्यायची याचे पाण्यातले अलिखित नियम, हे सर्व त्याला येत होते. शेजारी शिकणाऱ्या विशीतल्या मुलांना ते येत नव्हते. एक नवी सोयही त्याला मिळाली होती. लांब फळी समोरून येणाऱ्या फेसाळ लाटेखाली दाबता येत नाही, त्यामुळे फळी उलटी करून तिच्याखाली लोंबकळावे लागते. लहान फळी पुढून दाबून लाटेखालून सरळ पलीकडे जाता येते. बारा वर्षे डोक्यावरून जाणारी लाट त्याने पहिल्यांदा खालून पाहिली. त्याविषयी बोलताना तो देवगडच्या खाडीतला मुलगा झाला होता.

यावरून अनुभवाचे दोन भाग मला वेगळे करता येतात. एक समुद्राचा अनुभव, दुसरा फळीचा. समुद्राचा अनुभव कुठल्याही फळीवर सोबत येतो. फळीचा येत नाही, उलट आडवा येतो. फळीचा अनुभव म्हणजेच समुद्राचा अनुभव असे समजण्यात अनुभवी माणसाची गफलत होते. तो म्हणतो, मला समुद्र कळतो, मग मी पडतो कसा? किंवा उलट म्हणतो, मी पडतो, म्हणजे बारा वर्षे वाया गेली. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. माझ्या बाबतीत भाषा, वाचन, लयीचा कान हा समुद्र. मुक्तछंदाच्या सवयी ही फळी. अलामत चुकली तेव्हा माझी फळी चुकली होती. मी मात्र समुद्रावर रुसले.

शिक्षक म्हणून यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. आपण दरवर्षी जून-जुलैत वर्गावर जातो तेव्हा समोर बसलेली मुले एखाद्या प्रकारात पहिल्यांदाच पडत असतात. ओवी आणि अभंग यांत त्यांचा गोंधळ होतो, मात्रा मोजताना बोटे चुकतात, आणि आपल्याला वाटते, इतके सोपे यांना कसे येत नाही? वीस वर्षे स्वतः न पडलेल्या माणसाला पडणे कसे असते हे आठवत नाही. त्याची पडणाऱ्याविषयीची सहानुभूती पुस्तकी होते, आणि मुलांना ती पुस्तकी आहे हे कळते. वर्षातून एकदा तरी प्रत्येक शिक्षकाने, ज्यात आपण कच्चे आहोत अशी एखादी गोष्ट, शक्य तर विद्यार्थ्यांच्या देखत शिकायला घ्यावी, असे मला वाटू लागले आहे. उजळणीवर्गांची प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. फळी मात्र आपल्या वजनाची निवडावी.

परत निघण्याच्या आदल्या सकाळी भाऊ तीन लाटांवर उभा राहिला. तिसऱ्या लाटेवर त्याने एक वळण घेतले, फार मोठे नाही, पण मागचा पाय बरोबर जागी होता. ते पाहणारी मी एकटीच होते, त्याच्या जुन्या साथीदारांपैकी कुणाचे लक्ष नव्हते. बाहेर येऊन त्याने विचारले, "दिसलं का?" मी म्हटले, "दिसलं." मग तो पुन्हा आत गेला आणि पुढच्या लाटेवर पडला.

गझलेचा तो वर्ग अजून चालू आहे. अलामत सांगणारा मुलगा आता तिथे नवीन आलेल्यांना शिकवतो. मी त्याला फोन केला आणि पुन्हा येऊ का, असे विचारले. तो जरा गडबडला, म्हणाला, "मॅडम, तुम्ही केव्हाही या, पुढेच बसा." मी म्हटले, "पुढे नको. नव्या मुलांत बसते." या रविवारी जाते आहे. चौथा शेर दुरुस्त केला आहे. पाचव्यात काय चुकले आहे ते तिथे कळेल.